खरबरीत फरशी

तुमच्या वडिलांनी तुम्हाला फोनवर सांगितलं असेल की आजी एका फरशीपायी हट्टाला पेटली आणि दोन महिने तिनं सगळ्यांना नाचवलं. खरं आहे. नाचवलं. पण कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नसणार, म्हणून मी लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हा दोघांना वाचायला सोपं गेलं असतं. पण इंग्रजीत मी तीस वर्षं ऑफिसची पत्रं लिहिली, त्या भाषेत मला फार नम्र व्हायची सवय आहे. हे मला नम्रपणे लिहायचं नाही.

सोमवार होता, सकाळचे दहा. सोमवारी मी डोक्याला तिळाचं तेल लावून न्हाते. आपल्या अमरावतीच्या घरातली न्हाणी तुमच्या वडिलांच्या लग्नाच्या वेळी नवी केली होती. पांढऱ्या चकचकीत टाइल्स त्या वेळी अख्ख्या गल्लीत आपल्याकडेच होत्या, आणि लग्नाला आलेल्या बायका नवरीच्या आधी न्हाणी पाहून गेल्या. त्या दिवशी त्याच टाइल्सवर केसांतलं तेल उतरलं, त्यावर शिकेकाईचं पाणी आलं, आणि मी पाटावरून उठायला गेले तर पाय पुढे गेला आणि मी मागे. डावा हात अंगाखाली आला. मी ओरडले नाही. आधी नळ बंद केला, मग एका हातानं गाऊन चढवला, मग शेजारणीला फोन केला. मनगटाचं हाड चिरलं होतं. प्लास्टर झालं.

अकोल्याहून तुमचे वडील दोन तासांत हजर. माझा मुलगा आहे, तेव्हा इथून पुढे मी त्याला ‘तो’च म्हणणार.

तो खुर्चीवर बसलासुद्धा नाही. ‘झालं आता. आई, तू अकोल्याले चाल. खोली तयार आहे.’

‘कोणाची खोली?’

‘पोरं गेल्यापासून रिकामीच आहे ना. रंग देऊन घेतो.’

म्हणजे तुमची खोली. ‘आणि हे घर?’

‘भाड्यानं देऊ. राजापेठेच्या इतकं जवळ आहे, क्लासवाले एका दिवसात घेतील.’

ज्या खोलीत मी तुमच्या आजोबांचं शेवटचं आजारपण काढलं, तिथं पोरं गणितं सोडवतील, असं त्यानं एका वाक्यात ठरवून टाकलं. त्याचा हेतू वाईट नव्हता. घाबरला होता. पण घाबरलेली माणसं दुसऱ्याचं आयुष्य फार झटपट आवरतात.

‘माझं मनगट मोडलं आहे, डोकं नाही,’ मी म्हणाले.

‘मग डोकं मोडायची वाट पाहू का?’

तेव्हा मी अट घातली. न्हाणीची फरशी मी बदलून घेते. मी निवडलेली फरशी. ती झाली की तू ये, पायांना तेल लाव, साबण लाव, वर पाणी घे आणि चालून दाखव. घसरलास तर मी बॅग भरते. नाही घसरलास तर अकोल्याचं नाव पुन्हा काढायचं नाही.

‘लिहून देऊ काय?’ तो चिडून म्हणाला.

‘दे.’

दिलं बिचाऱ्यानं. मी त्यावर तारीख घातली, फाईल उघडली आणि पहिला कागद म्हणून तो लावला.

आठवड्यानं हात गळ्यात अडकवून मी राजापेठेतल्या टाइल्सच्या दुकानात गेले. पिशवीत पाण्याची बाटली, तेलाची छोटी शिशी आणि साबणाची वडी. सेल्समन चांगला होता, तोंडभर हसणारा.

‘मॅडम, हे पाहा, अँटी-स्किड. हात फिरवून पाहा.’

‘मी हातानं चालत नाही.’

त्यानं टाइल खाली ठेवली. मी चपला काढल्या आणि तिच्यावर पाणी ओतलं.

‘अहो मॅडम, शोरूम आहे!’

‘माझी न्हाणी शोरूम नाही, म्हणूनच आले.’ मग मी तेलाची शिशी काढली, तेव्हा त्याचं हसू जरा मावळलं. कोरडी असताना काचकागदासारखी पाय धरणारी टाइल तेल-साबणानंतर बर्फ झाली. मी काउंटर धरून उभी होते, म्हणून वाचले.

नातीबाई, कोणत्या फरशीवर पाय किती घसरतो याचा तू तिकडून पाठवलेला तक्ता मी छापून नेला होता. खोक्यावर त्यातलाच एक आकडा होता, पण ती परीक्षा बूट घातलेल्या माणसांवर घेतात. न्हाताना बूट कोण घालतं? अनवाण्या पायांची वेगळी परीक्षा असते, ए, बी आणि सगळ्यांत घट्ट पाय धरणारी सी, हेही तूच शोधून दिलं होतंस. मी सेल्समनला विचारलं, यातली सी कोणती?

‘मॅडम, आपल्याकडे ए-बी-सी नसतं. प्रीमियम आणि स्टँडर्ड.’

कोपऱ्यात लहान लहान, खडबडीत टाइल्सचा ढीग होता. त्या कसल्या, म्हणून विचारलं.

‘त्या पार्किंगच्या. गाडीसाठी.’

‘गाडी घसरू नये म्हणून?’

‘हो ना.’

‘आणि माणसाचं काय?’

मी तिच्यावरही तेल आणि पाणी ओतून उभी राहिले. ती टाइल तेलातही पाय धरत होती, हे खरं. पण तिच्या खाचा इतक्या खोल की तळव्याला टोचल्या, आणि साबणाचा मळ त्यात बसला असता तर निघाला नसता. बाकीच्या ज्या जरा बऱ्या होत्या त्या दोन फूट बाय चार फूट. एवढ्या मोठ्या तुकड्याला मोरीकडे उतार काढता येत नाही, पाणी मध्येच थांबतं, आणि थांबलेल्या पाण्यावर काय होतं ते मला सोमवारी कळलं होतं. मी त्याचं दुकान पुसून दिलं आणि रिकाम्या हातानं परत आले. आणखी तीन दुकानांतही तेच झालं; फाईलमध्ये चार दुकानांची चार पानं झाली, चारही पानांवर ‘नाही’.

अक्कल मिळाली ती दारात. सकाळी भाजी घेऊन येते ती बाई तुम्ही पाहिलेली आहे, मेथी निवडून घेऊ देत नाही म्हणून तुमची आई तिच्याशी भांडायची तीच. गावाबाहेर त्यांचा मळा आहे. सगळं घर पिकवतं आणि ही विकते.

‘बाई, हात अजून बांधलेलाच? कावून पडल्या तुमी?’

मी सांगितलं.

‘फरशीवर पडल्या? मंग आमी तं रोजच पडाले पाह्यजे. मेथी धुवा, पालक धुवा, मुळे धुवा. खाली चिखल, वरून पाणी. तीन सुना अनवाणी उभ्या राहतात हौदापाशी. कोणी पडत नाई.’

‘कशावर उभ्या राहता?’

‘फरशीवरच. सासऱ्यानं टाकलेली हाय. गुळगुळीत झाली का टाकवून घेतो, पाट्यासारखी.’

मी भाजीची टोपली तशीच सोडून तिच्याकडे पाहत राहिले. तुम्ही मिक्सरच्या काळातले, म्हणून सांगते. पाट्यावर वाटून वाटून दगड गुळगुळीत झाला की मसाला घसरतो, वाटला जात नाही. मग छन्नी-हातोडी घेऊन बाई दारावर यायची आणि पाट्याच्या अंगावर बारीक बारीक टोचे मारून द्यायची. त्याला टाकवणं म्हणतात. पाटा पुन्हा धरायला लागायचा. माझं सगळं आयुष्य या गोष्टीच्या शेजारून गेलं, आणि चार दुकानं फिरून मला ती सुचली नाही.

दुसऱ्या दिवशी ऑटो करून मी तिच्या मळ्यात गेले. हौदापाशी मेथीच्या जुड्या धुणं चालू होतं. मी चपला काढल्या, पायाला तेल लावलं आणि त्या ओल्या दगडावर उभी राहिले. तिच्या धाकट्या सुनेनं पदर तोंडाला लावला. ‘आत्या, ह्या आजी आपल्या हौदावर न्हाले आल्या का?’

‘न्हाऊ दे. तुयापेक्षा बऱ्या उभ्या हायेत.’

होतेच मी बरी उभी. दगड टोचत नव्हता आणि सोडतही नव्हता.

मग काम वेगानं झालं. शहाबादी फरशी, एक फुटाचे तुकडे, म्हणजे सांधे जास्त आणि उतार नीट. पाटे टाकवणारी बाई भाजीवालीनंच बाजारातून शोधून आणली. माझ्याच वयाची असावी, हाताची कातडी तिच्या दगडासारखी. तिनं अंगणात बसून एकेक तुकडा टोचून दिला. फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीला मी भिंतीला स्टीलचा दांडाही लावायला सांगितला, कारण मी हट्टी आहे, मूर्ख नाही. तो मात्र तोंड वाकडं करून बसला.

‘मावशी, यावर न्हाणार आहात का वाटण वाटणार?’

‘आधी न्हाईन, मग वाटण वाटीन. तुम्ही उतार बघा.’

फरशी बसवून सिमेंट पक्कं होईपर्यंत न्हाणी बंद, म्हणून मी पाच दिवस अकोल्याला गेले. तिथं मला कोणी त्रास दिला असता तर हे लिहिणं सोपं गेलं असतं. तुमची आई माझ्या आधी उठून पाणी तापवायची, बाथरूममध्ये माझा दंड धरून मला स्टुलावर बसवायची, पाठ फिरवून उभी राहायची. ताट हातात यायचं. संध्याकाळी फिरायला निघाले की, आई, रस्त्यावर गाड्या फार आहेत, उद्या आपण कारनं जाऊ. तुमच्या खोलीच्या भिंतीवर तुमच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा होत्या, त्यावर मोतिया रंग लागला होता. माझ्यासाठी. चौथ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन विचारलं, ‘मी चहा करू का?’ तुमची आई म्हणाली, ‘अहो, विचारता काय!’ पण मी विचारलं होतं. ऑफिसात हाताखाली अठरा माणसं असलेली बाई चहाची परवानगी मागत होती, आणि कोणी मागायला लावलीही नव्हती. चारच दिवसांत आपोआप. मी चहा केला नाही. खोलीत जाऊन बॅग भरली.

सहाव्या दिवशी तो मला कारनं घेऊन अमरावतीला आला. मिस्त्री दारातच उभा, लग्नातल्या वरबापासारखा.

‘मावशी, आता पाहा. डोळे दिपतील.’

दिपले. माझी टोचलेली, खरबरीत, काळसर फरशी आरशासारखी चमकत होती. झरोक्यातल्या पंख्याचं पातं तिच्यात दिसत होतं.

‘हे काय केलं?’

‘पॉलिश. मशीन लावलं, दोन दिवस घासलं. साहेबांले फोन करून विचारलं मी.’

मी मुलाकडे वळले. त्याचा चेहरा आधी फुललेला होता, मग माझा पाहून उतरला. ‘आई, हा म्हणाला फरशी खरबरीतच राहिली आहे, घासून देऊ का? मला वाटलं तुझ्या पायाला टोचेल. तुला सरप्राइज.’

मिस्त्रीचंही काय चुकलं म्हणा. आपल्याकडे दगड बसवला की पॉलिश करायचीच असते. त्याशिवाय काम अर्धं, आणि अर्धं काम सोडलं असं नाव होतं. मी कशाला टोचून घेतली हे त्याला मी दोनदा सांगितलं होतं, पण त्याच्या हातांना ते पटलं नव्हतं. दोन भल्या माणसांनी मिळून माझी फरशी पुन्हा पांढऱ्या टाइल्सइतकी गुळगुळीत करून ठेवली होती.

मी तांब्याभर पाणी ओतलं आणि मुलाला म्हणाले, जा. त्यानं पाय ठेवला, दुसरा उचलला आणि नळाला लटकला. तेल-साबणाची गरजच पडली नाही.

तो सावरून दारात आला. मग तो हळूच म्हणाला, ‘आई, आपण लिहून ठेवलं आहे.’

हे त्यानं प्रेमानं म्हटलं, म्हणून जास्त भीती वाटली. कागद माझ्याच फाईलमध्ये होता. मी तो काढला आणि वाचून दाखवला. ‘मी निवडलेली फरशी, असं आहे. ही तू निवडलीस. फोनवरून.’

‘आई, ऑफिसातली भाषा नको लावू.’

‘त्या भाषेनंच तुझी फी भरली. आठ दिवस दे.’

‘तुले हरायचंच नाही का?’

‘नाही,’ मी म्हणाले. ‘बाकी सगळीकडे मी हरले आहे. डोळे, गुडघे, तुझे बाबा. इथं नाही हरणार.’

त्यानं आठ दिवस दिले. देताना दारात उभा राहून चपलेचा पट्टा उगीच दोनदा लावला.

पाटे टाकवणारी पुन्हा आली. तिनं आत पाहिलं आणि कपाळावर हात मारला. ‘बाई, माही सगळी मेहनत पुसून टाकली की यानं!’ मिस्त्री म्हणाला, बसवलेल्या फरशीवर छन्नी मारली तर तुटेल. ती सरळ आत शिरली. हातोडीच्या मागच्या टोकानं एकेक तुकडा ठोकत, कान लावत सगळी न्हाणी फिरली. दोन तुकड्यांपाशी आवाज बदलला.

‘हे दोन पोकळ हायेत. खाली माल नाई भरला यानं. बाकीचे मी जिम्मेदारीनं करतो.’

मिस्त्रीचं तोंड पाहण्यासारखं झालं. ते दोन तुकडे त्यानं मुकाट्यानं उचलून पुन्हा बसवले. मी दारात खुर्ची टाकली आणि तीन दिवस तिथून हलले नाही. ती उकिडवी बसून मागे मागे सरकत टोचे मारत होती, आणि तिच्यासमोर चमक मरत होती. मला तो आवाज अजून ऐकू येतो, टक टक टक, मध्येच एक फुंकर.

‘पाटे आता कोणी टाकवत नाई, बाई,’ ती म्हणाली. ‘पोरगा म्हणते, माय, सोड हे. म्या म्हणलं, हात चालते तोवर चालू दे ना बाबा, तुयं काय जाते? आता हे पाहा. न्हाणीभर पाटा!’

आठव्या दिवशी तो आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाटावर बसला आणि त्याच्या तळव्यांना तेल मी लावलं, लहानपणी लावायची तसं, फक्त आता ते पाय माझ्यापेक्षा मोठे आहेत. मग साबण. मग बादलीभर पाणी. भाजीवाली स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती, तिनं त्या दिवशी पुढची गल्ली सोडूनच दिली.

तो चार पावलं गेला. वळला. परत आला.

‘साहेब, थोडं नाचा ना!’ ती म्हणाली.

‘नाच,’ मीही म्हणाले.

तुमचे वडील एका पायावर नाचले. दोनदा. दांड्याला हातही न लावता. मग भिंतीला टेकून उभे राहिले आणि हसले, पण लगेच थांबले.

‘मान्य. पण आई, उद्या दुसरीकडे पडशील. ओट्यापाशी. गच्चीच्या पायऱ्यांवर. मी किती ठिकाणी नाचू?’

ही गोष्ट तो दोन महिन्यांत पहिल्यांदा नीट बोलला. भाजीवालीनं टोपली उचलली आणि निघून गेली.

‘पडेनही,’ मी म्हणाले. ‘ही फरशीसुद्धा झिजेल. साबणाचा मळ धरते, दर शनिवारी ब्रशनं घासावी लागणार आहे. एक दिवस तेही होणार नाही माझ्यानं, तेव्हा मी तुला फोन करीन. मी करीन. तू येऊन ठरवायचं नाही. तुझ्या घरी मला काही कमी नव्हतं. पण चारच दिवसांत मी चहा करायला परवानगी मागितली. महिन्यात श्वास घ्यायला मागितली असती.’

‘कोणी मागायला सांगितलं होतं?’

‘कोणी नाही. म्हणूनच.’

त्याला पटलं की नाही, मला माहीत नाही. डोळे पुसले त्यानं, ते साबणाच्या पाण्यानं असं म्हणाला. नातवंडांनो, तो तुम्हाला म्हणेल की आई ऐकत नाही. तुम्ही त्याला सांगा की आई ऐकते, फक्त मान हलवत नाही.

‘आता बाहेर हो,’ मी म्हणाले. ‘आज सोमवार आहे. मला न्हायचं आहे.’

‘मी इथंच थांबतो.’

‘थांब.’

मी दार लावलं, केस सोडले आणि तेल लावायला बसले. सावकाश. पहिली बादली झाली तेव्हा बाहेरून आवाज आला, ‘आई?’ पाय त्या टोचलेल्या दगडावर घट्ट होते. पाटावरून उठले, नळ सोडला आणि दुसरी बादली भरायला लावली.